पेनातली पिचकारी

बोरू, टाक, दौत, टीपकागद, पुस्ती, कित्ता: लिहिण्याच्या साहित्याला मराठीत नावांची वाण कधी पडली नाही. शाईचे पेन आले तेव्हाही आपण फारसे अडलो नाही. निब हा शब्द तसाच ठेवला. पण निबेखाली बसणाऱ्या, बारीक चिरा पाडलेल्या तुकड्याला 'जीभ' म्हटले, झाकणाला 'टोपण' म्हटले, आणि ज्या वळशांवर पेन फिरवून बंद होते त्यांना सुताराकडचेच 'आटे' दिले. कन्व्हर्टर मात्र बिननावाचा राहिला. तो आपल्याकडे आला तोवर शाईच्या पेनाची सद्दी संपत आली होती, आणि घराघरांत जी वस्तू हाताळली जात नाही तिला नाव देण्याच्या फंदात भाषा पडत नाही. परिभाषाकोशाच्या वळणाने 'परिवर्तक' म्हणता येईल. पण त्या नावाने हाक मारली तर विजेच्या खांबावरचे काहीतरी ओ देईल, अशी भीती वाटते. मूळ इंग्रजी नावही वस्तूचे काम सांगत नाही. तयार शाईच्या कार्ट्रिजवर चालणारे पेन दौतीतल्या शाईवर चालेल असे 'बदलून' देणारी नळी, एवढाच त्याचा अर्थ. ते नाव दुकानदाराच्या सोयीचे आहे. माझ्या आत्याने ती नळी पहिल्यांदा हातात घेतली, मागची कळ फिरवली, आतला दट्ट्या पुढेमागे सरकताना पाहिला आणि म्हणाली, "ही तर पिचकारी." यापुढे मीही पिचकारीच म्हणणार आहे. त्या नावाने पुढे काय केले ते ओघात येईलच.

आत्या टाकवे बुद्रुकला राहते. मावळाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर पुणे-लोणावळा लोकलने कान्हे स्थानकावर उतरावे, इंद्रायणीवरचा पूल ओलांडून आत शिरावे, म्हणजे आंदर मावळ सुरू होतो. टाकवे हे त्याच्या तोंडाशी वसलेले मोठे गाव. (गावाच्या नावातल्या 'टाका'चा आणि लेखणीच्या टाकाचा काही संबंध असेल असे मला वाटत नाही. आत्या तो आपल्या वर्गातल्या मुलांना खुशाल सांगत असे.) तिची सारी नोकरी आंदर मावळातल्या प्राथमिक शाळांत झाली. वडेश्वरच्या पुढे, ठोकळवाडीच्या जलाशयाच्या काठाकाठाने सावळे-खांडीकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात एसटी कधी यायची आणि कधी नाही, याचे वेळापत्रक तिला अजून तोंडपाठ आहे. आता ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. वाचा शाबूत राहिली, चालणेही हळूहळू पूर्ववत झाले. उजव्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच. पेला धरता येतो, पण घट्ट धरता येत नाही.

अशा हाताला बॉलपेन नको असते. बॉलपेनच्या टोकाची गोळी कागदावर फिरावी लागते, आणि ती फिरायला दाब लागतो. धडधाकट माणसाला हा दाब जाणवत नाही, कारण आपण तो आयुष्यभर फुकट देत आलेलो असतो. आत्याच्या हातात बॉलपेन दिले की अक्षराच्या उभ्या रेघा उमटत आणि गोलाई नुसती कोरडी ओरखडली जाई. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निब कागदाला टेकली की कागद आपणहून शाई ओढून घेतो. पेनाचे स्वतःचे वजन पुरते. म्हणून मी तिला जाड घेराचे, कार्ट्रिजवर आणि पिचकारीवर चालणारे एक पेन आणून दिले. कोणत्या कंपनीचे, याने काही फरक पडत नाही. पहिल्या दिवशी तिने स्वतःचे नाव लिहिले, दुसऱ्या दिवशी शाळांची नावे क्रमाने लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी एक फुलस्केप वही मागितली.

त्या वहीत ती ओव्या लिहिते. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, जात्यावरच्या. आजी निरक्षर होती. तिच्या ओव्या आत्याने लहानपणी अंथरुणात पडून, पहाटेच्या अंधारात, भिंतीपलीकडून ऐकलेल्या. मराठीच्या प्राध्यापकाला घरात असा ठेवा सापडला की तो जे करील तेच मी केले: फोन काढला आणि ध्वनिमुद्रण करू म्हटले. आत्याने दोन ओव्या सांगितल्या आणि ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा त्याच दोन. तोंडी परीक्षेला बसवलेल्या मुलासारखा तिचा चेहरा झाला होता. पेन हातात घेतले की मात्र येतात. एक लिहून संपायच्या आत दुसरीचे पहिले पद येऊन उभे राहते. यात नवल नाही. ओव्या गोळा करणाऱ्यांचा हा जुना अनुभव आहे: 'सांगा' म्हटले की बाई अडते, जात्याच्या खुंट्याला हात लागला की सुटते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आधी कागदावर उतरल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या हजारोंचे आवाजही जतन झाले, आणि २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत गेल्या. त्या महासागरापुढे आत्याची वही म्हणजे ओंजळ. पण त्या ओंजळीतले पाणी धरून ठेवणारा हात एकच आहे, आणि तो फक्त शाईच्या पेनाने लिहू शकतो.

गेल्या जुलैत, वही ११२व्या ओवीवर असताना, पेन बिघडले.

लक्षणे अशी होती. ओळीच्या मध्येच पेन कोरडे पडे. आत्या ते झटकी; शाळेच्या चाळीस वर्षांत लागलेली सवय. झटकल्यावर चार शब्द ठसठशीत उमटत आणि पाचव्यावर थेंब पडे. बोटे निळी. पेन उघडले की आत, दांडीच्या पोकळीत, चमचाभर शाई साचलेली, आणि पिचकारी आपल्या जागी न राहता दांडीबरोबरच बाहेर येई. निबेच्या मागे एक बारीक पोकळ चोच असते. पिचकारीचे तोंड त्या चोचीवर घट्ट बसायला हवे. ते बसत नव्हते.

शाईचे पेन चालते ते एका देवघेवीवर. शाई खाली उतरली की नळीत तेवढी पोकळी होते. ती भरायला हवा लागते, आणि ती हवा जिभेतल्या चिरांवाटे एकेका बुडबुड्याने वर चढते. हवेला यायला वाट एकच, तीही अरुंद, म्हणून शाई हात राखून उतरते. लुईस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतले त्या रचनेचे मर्म हेच होते. पिचकारीचे तोंड सैल झाले की हा सगळा हिशेब चुकतो. ती चोचीवरून जराशी मागे सरकली तर शाईचा धागा तुटतो आणि पेन कोरडे पडते. झटक्यासरशी जोडातून बाजूची हवा आत घुसली तर आतला ताण सुटतो आणि शाई एकदम खाली येते. एकाच दोषाची दोन उलटी लक्षणे. (जोड घट्ट असूनही शाई सांडते तो प्रकार वेगळा. मुंबईहून अर्धे भरलेले पेन खिशात घालून बोरघाट चढून या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे उंच आहे. तेवढ्या चढणीत हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो, पेनातली हवा फुगते आणि थेंबभर शाई टोपणात येते. त्यात पेनाचा दोष नसतो, घाटाचा असतो.)

दुरुस्तीला बसताना पहिला प्रश्न पडतो तो असा की सैल कोण झाले आहे? आपण सहज म्हणतो, पिचकारी सैल झाली. पण चोच झिजली असेल, किंवा तिला केसाएवढा तडा गेला असेल, तरी लक्षण तेच. सैलपणा एकट्या वस्तूच्या अंगी नसतो, तो दोघांच्या मध्ये असतो. तपासायला तिसरे कुणीतरी लागते. पेनाच्या डबीत एक कार्ट्रिज सहा वर्षे पडून होते. त्यातली शाई आटून डांबर झाली होती, पण तोंड कोरे होते. ते चोचीवर दाबले आणि 'टक्' असा आवाज करून घट्ट बसले. म्हणजे चोच निर्दोष. भिंगातून पाहिल्यावर पिचकारीचे तोंड कडेला किंचित पसरलेले दिसले, कर्ण्यासारखे. आत एक-दीड मिलीमीटरपलीकडे नळी जशीच्या तशी होती.

भाषेने या अवस्थांचे किती बारकावे करून ठेवले आहेत, हे अशा वेळी ध्यानात येते. आटे ढिले होतात, खुर्ची खिळखिळी होते, दात हलतो, मूठ सुटते, आणि जोड सैल होतो. 'ढिले' पुन्हा आवळता येते. 'खिळखिळे' सर्वांगाने गेलेले असते. 'सैल' मात्र दोघांपैकी एकाचे माप बदलल्याची बातमी देते. उलट बाजूला एकच क्रियापद सगळा भार उचलते: 'बसणे'. झाकण बसते, घडी बसते, हात बसतो, अक्षर बसते, विश्वास बसतो. आपल्या समीक्षेतही हे शब्द आहेत, फक्त आपण ते निष्काळजीपणे वापरतो. 'रचना सैल आहे' असा शेरा मी स्वतः विद्यार्थ्यांच्या कवितांवर आणि कवींच्या संग्रहांवरही मारत आलो आहे, आणि कशाच्या तुलनेत सैल, हे सांगण्याची गरज मला कुणी भासवलेली नाही. असो.

आत्याने माझ्या शेजारी बसून सगळे पाहिले आणि म्हणाली, "अरे, खुंट्याला लावतात तशी चिंधी लाव." जात्याच्या वरच्या तळीतल्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. दळून दळून तो हलू लागला की त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून पुन्हा ठोकतात. पडवीतल्या जात्याचा खुंटा आजही तसाच आहे, चिंधीची काळी कड बाहेर डोकावते. उपाय शंभर नंबरी, पण पेनाला तो चालत नाही. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये कापड पाचर होते. प्लास्टिक आणि शाई यांच्यामध्ये तेच कापड वात होते. निबेचा जो गुण तोच चिंधीचा: ती शाई ओढून घेईल आणि जोडाबाहेर आणून सोडील. हे सांगितल्यावर आत्या हसली. "म्हणजे तुझं पेन दिव्याच्या जातीचं, जात्याच्या नव्हे."

इतरांनीही उपाय सुचवले. भाचा म्हणाला, फेविक्विक. झटपट चिकटणारा तो गोंद अशा जागी लावणे म्हणजे तुटलेल्या दाराला भिंत बांधणे. जोड पक्का होतो, पण पुन्हा कधी उघडत नाही. शिवाय थेंब चोचीत शिरला तर पेनच संपले. जुनी पेने दुरुस्त करणारे अशा कामाला लाखेचा लेप वापरतात, कारण ऊब दिली की लाख मऊ होऊन जोड सोडते. नळ दुरुस्त करणाऱ्याने टेफ्लॉनची पांढरी पट्टी देऊ केली; एका वेढ्यानेही ती या मापाला जाड होते आणि तोंड आणखी पसरवते. नवी पिचकारी विकत मिळते, हे तर उघडच आहे, आणि ती मी मागवलीही. पण तिथेही एक मेख आहे. पुष्कळ पेने ज्याला आंतरराष्ट्रीय माप म्हणतात ते पाळतात, पुष्कळ पाळत नाहीत. पार्करचा नमुना निराळा. पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तिन्ही जपानी कंपन्यांच्या पिचकाऱ्या एकमेकींच्या पेनांत बसत नाहीत. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने माप विचारून घेतले आणि 'आठवड्याने या' म्हणून सांगितले. मी ते आत्याला सांगितले. ती म्हणाली, "आठवड्यात मी किती विसरेन, ते तू मोजणार आहेस का?"

तेव्हा मी पिचकारीचे तोंड कापले. हे ऐकायला धाडसाचे वाटते, पण बिघाड फक्त कडेला होता आणि आतली नळी मूळ मापाची होती. पसरलेला भाग काढून टाकला की चोचीला पुन्हा अरुंद तोंड मिळते. आधी सगळे साध्या पाण्यात धुतले. गरम पाणी टाळले, कारण प्लास्टिक त्याने वाकडे होते. नवे ब्लेड घेतले, नळी काचेवर आडवी ठेवली, आणि न कापता, फिरवत फिरवत, चहूबाजूंनी एकाच रेषेत खाच पाडत गेलो. एका दाबात कापले तर कड तिरकी जाते आणि तिरक्या कडेने जोड एका बाजूने श्वास घेतो. मिलीमीटरभराची चकती सुटून पडली. कडेला राहिलेली कुसळे बारीक पॉलिशपेपरवर घासून काढली, भिंगातून पाहिले, पुन्हा धुतले. मग पिचकारी चोचीवर सरळ धरून दाबली. आवाज झाला नाही, पण बोटांना कळले.

परीक्षा पाण्याने घेतली. शाईऐवजी पाणी भरले, जोडाभोवती टीपकागदाची पट्टी गुंडाळली आणि पेन निब खाली करून पेल्यात रात्रभर उभे ठेवले. सकाळी निबेच्या टोकाशी थेंबभर ओल होती आणि पट्टी कोरडी होती. एवढेच काम. तासाभराचे म्हणा, वाळण्याचा वेळ धरून.

तोंड पसरलेच कसे, हा प्रश्न मात्र तासाभरात सुटला नाही. पिचकारी चांगल्या प्रतीची होती, वर्षभरात झिजावी अशी नव्हती. एकदा आत्याला शाई भरताना पाहिले तेव्हा कळले. ती पेन उघडे, पिचकारी उपसून काढी, तिचे तोंड थेट दौतीत बुडवी, कळ फिरवून शाई ओढी, आणि पिचकारी पुन्हा चोचीवर दाबी. पिचकारी म्हटल्यावर दुसरे काय करणार? रंगपंचमीला पोरे हेच करतात. नावाने तिला वापर शिकवला होता. त्यात उजव्या हाताला पकड नसल्यामुळे पिचकारी सरळ ओढणे तिला जमत नसे; ती डावी-उजवीकडे हलवून हलवून सोडवावी लागे. आठवड्यातून दोनदा, वर्षभर. त्या हलवण्याने तोंडाचा कर्णा झाला.

पण दोष नावावर टाकून भागणार नाही. आत्याच्या पिढीने शाई भरण्याचा अर्थच 'पेन उघडणे' असा शिकून घेतला आहे. त्यांच्या पेनांना पिचकारी नव्हती. पेनाचे सगळे पोट हीच दौत. ड्रॉपरने शाई सोडायची, आट्यांना बोट पुसायचे आणि पेन बंद करायचे. गांधीजींच्या सूचनेवरून राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३०च्या दशकात घडवलेली स्वदेशी पेने याच पोटभर शाईच्या जातीची. शाईचेही तसेच. गिरगावातल्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे 'कॅमल' आणि 'कॅम्लिन' उभे राहिले. २०११ साली त्या कंपनीचा मोठा हिस्सा जपानी कोकुयोकडे गेला. आत्याच्या पहिल्या शाळेत शाई विरघळवण्याचे काम आठवड्याला एका मुलाकडे असे, आणि ते मिळावे म्हणून भांडणे होत. अशा हातांना 'निब दौतीत बुडवा आणि मागची कळ फिरवा, पिचकारी काढूच नका' हे सांगणे म्हणजे उलटी रीत. मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "निब बुडवायची म्हणजे टाकच झाला की. मग इतकी वर्षं पुढे कशाला आलो?" तरी तिने ते केले. दौत कलंडू नये म्हणून इंद्रायणी तांदळाने भरलेल्या वाडग्यात रोवली; उजव्या हाताने पेन नुसते टेकवून धरायचे आणि डाव्या हाताने कळ फिरवायची. एका हाताचे काम झाले. कार्ट्रिज सुईने भरणे तिला कधीच जमले नसते, आणि दर वेळी माझी वाट पाहणे तिला पटले नसते.

मी तिच्या शेजारी बसून ती लिहिताना पाहिले ते याच दिवसांत, जोड टिकतो की नाही याची खात्री करण्याच्या निमित्ताने. उजवा हात लिहीत असतो तेव्हा तिच्या डाव्या हाताची तर्जनी टेबलावर गोल फिरत असते. संथ, एकाच दिशेने. ओवीच्या मध्येच ती दोन बोटांची जागा कोरी सोडते आणि पुढचा शब्द लिहिते. मला ती आधी हाताची अडचण वाटली होती. विचारल्यावर म्हणाली, "तिथे दाणे पडतात." वैरण घालायला खुंट्यावरचा एक हात सुटतो, जाते जड होते, ओवीतला शब्द लांबतो, ती जागा.

ओवीच्या चरणात अक्षरसंख्येचे बंधन नसते, हे आपण वर्गात पहिल्याच तासाला सांगतो. कधी आठ अक्षरे, कधी अकरा, कधी चौदा. यमक सांभाळले की झाले. म्हणून ती 'मुक्त', 'लवचीक', आणि शेरा मारायचाच झाला तर 'सैल'. हे सगळे कागदावरच्या ओवीचे वर्णन आहे. कागदावर ओवी एकटी असते, जोडातली दुसरी बाजू तिथे नसते. जात्याच्या फेऱ्यावर ती किती घट्ट बसलेली आहे हे आत्याच्या तर्जनीकडे पाहिल्यावर कळते: आठ अक्षरांचा चरण आणि चौदा अक्षरांचा चरण एकाच फेऱ्यात पुरे होतात, एकात स्वर ताणला जातो, दुसऱ्यात शब्द दाटीने येतात. छंदाच्या पुस्तकांनी अक्षरे मोजली ती चोच बाजूला ठेवून. मी त्या पुस्तकांना दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर जाते कुठून येणार? पण राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहातले आवाज ऐकता येत असताना आपण अजून नुसती अक्षरे मोजत बसावे, हे मला पटेनासे झाले आहे. आत्याच्या कोऱ्या जागा छापताना ठेवायच्या की नाहीत, हा प्रश्न एरवी मी संपादकीय टिपेत दोन ओळींत उडवून लावला असता.

११२व्या ओवीचे राहिलेच. पेन बिघडल्यावर पहिला मोठा थेंब पडला तो तिच्यावर. भावाच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेचे वर्णन आहे, वाटेवर एक झाड आहे, आणि झाडाचे नाव डागाखाली गेले. जुलैतला कागद मावळात पापडासारखा सादळलेला असतो. शाई नुसती पडत नाही, फुटते. खालची इंद्रायणी पुढे देहूला जाते. तिच्यात बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे, आणि देहूला जपलेल्या ज्या 'भिजक्या वही'चे नाव कोलटकरांनी आपल्या संग्रहाला दिले, ती वहीही तिथलीच. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी काजळाच्या शाईचा काळा कण पाण्यात विरघळत नाही. आत्याच्या दौतीतली निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंगच. दमट कागदावर तिला घर मोकळे.

मी पान दिव्यासमोर धरले. डाग आणि अक्षर एकाच शाईचे असल्यामुळे उजेड दोन्हींतून सारखाच गाळला गेला. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवले. बॉलपेनने लिहिले असते तर दाबाची खोच उमटली असती, पेन्सिल आडवी घासून अक्षर उठवता आले असते. पण दाब न देता लिहिता यावे म्हणूनच तर हे पेन आणले होते. कागदाची मागची बाजू गुळगुळीत होती.

"आंबा असेल," मी म्हटले.

"नाही."

"जांभूळ? करंज?"

"अक्षरं बसतात रे," आत्या म्हणाली, "पण ते झाड नव्हतं ते."

तिने डागाभोवती पेन्सिलीने चौकट आखली आणि वही पुढे नेली. पेन त्यानंतर अडलेले नाही. नवी पिचकारी आली, ती पाकीट न फोडता दौतीशेजारी ठेवलेली आहे. मधल्या काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाला आत्या त्या वाटेबद्दल विचारते. भाताची कापणी संपल्यावर त्या गावाकडची एक म्हातारी भेटायला आली होती. तिला नेमका प्रश्न विचारला: ओढ्याच्या अलीकडे, वाट वळते तिथे, कोणते झाड होते? म्हातारीने बराच वेळ विचार केला. म्हणाली, "रस्ता रुंद केला तव्हा समदीच गेली. कोनचं इचारतीस?"

आत्याने तिला चहा दिला. मग १६४वी ओवी लिहायला घेतली.